पासंगाचे वजन

'हा त्याच्या पासंगालाही पुरणार नाही,' असे आपण मराठीत एखाद्याविषयी सहज बोलून जातो. बोलणाऱ्याच्या मनात पासंग म्हणजे अगदी क्षुद्र, नगण्य वस्तू असते. परंतु जुन्या बाजारात वाण्याच्या हातातील तागडी ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला पासंगाची खरी योग्यता ठाऊक असते. दोन्ही पारडी रिकामी असतानाही एक बाजू किंचित खाली झुकत असेल, तर हलक्या बाजूला एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधून दांडी समतोल करतात. तो तुकडा म्हणजे पासंग. तो माल नव्हे आणि वजनही नव्हे. त्याची किंमत कोणी विचारीत नाही. मात्र तो नीट असला म्हणजे तागडी खरे बोलते, आणि तो लबाडीचा असला म्हणजे मापात पाप होते.

बहुपक्षीय लोकशाहीत लहान पक्षांचे स्थान पुष्कळसे या पासंगासारखे आहे. निवडणुकीचे निकाल लागले म्हणजे मोठ्या पक्षांचे आकडे ठळक अक्षरांत झळकतात, आणि दोन, तीन, पाच जागा मिळविणारे पक्ष 'इतर' या एकाच रकान्यात गोळा केले जातात. मतदाराच्या मनातही एक शंका घर करून असते. ज्याच्या हाती सत्ता येण्याचा संभव नाही, त्या पक्षाला दिलेले मत फुकट तर जात नाही? या शंकेला दोन टोकांची उत्तरे दिली जातात. काही जण म्हणतात की लहान पक्ष ही लोकशाहीची डोकेदुखी आहे. ते मते फोडतात, सरकारे पाडतात आणि आपल्या चार मतांची वाटेल ती किंमत मागतात. दुसरे म्हणतात की तत्त्वनिष्ठा काय ती लहान पक्षांतच उरली आहे. मोठे पक्ष केवळ सत्तेची यंत्रे झाले आहेत. दोन्ही उत्तरे अर्धी आहेत. पासंग चांगला की वाईट, हे पासंगाकडे पाहून कळत नाही. दांडी थरथरू लागते त्या क्षणी तो काय करतो, यावरून ते कळते.

विद्वानांनी या प्रश्नाचा विचार पुष्कळ केला आहे. फ्रेंच अभ्यासक मोरिस द्युवर्जे यांनी १९५१ साली असे प्रतिपादन केले की, ज्या देशांत एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी निवडला जातो आणि सर्वाधिक मते मिळविणारा विजयी होतो, तेथे कालांतराने दोन प्रमुख पक्षच उरण्याकडे कल असतो. लहान पक्षाचे मत वाया जाते या भीतीने मतदार स्वतःच त्याला सोडून जातो. ब्रिटनमधील लिबरल पक्षाचे उदाहरण बोलके आहे. फेब्रुवारी १९७४ च्या निवडणुकीत या पक्षाला सुमारे १९ टक्के मते मिळाली, आणि जागा मिळाल्या अवघ्या १४. इटलीचे जोव्हान्नी सार्तोरी यांनी १९७६ साली लहान पक्षाचे महत्त्व मोजण्यासाठी दोन कसोट्या सांगितल्या. सरकार बनविताना त्या पक्षाची गरज भासते काय, ही पहिली. आणि सरकारात नसतानाही त्याच्या धाकाने मोठे पक्ष आपली वाट बदलतात काय, ही दुसरी. दोहोंपैकी एकही लागू पडत नसेल, तर तो पक्ष मोजणीत धरण्याचे कारण नाही.

भारतात या दुसऱ्या कसोटीला विशेष अर्थ होता. रजनी कोठारी यांनी १९६४ साली दाखवून दिले की, काँग्रेसच्या एकछत्री वर्चस्वाच्या काळातही विरोधी पक्ष निरुपयोगी नव्हते. सत्ता घेण्याइतके बळ त्यांच्यात नव्हते. पण ते बाहेरून दाब आणीत, आणि त्या दाबाने काँग्रेसमधील एखाद्या गटाला बळ मिळे. अशा रीतीने लहान पक्षाचा विचार मोठ्या पक्षाच्या दारातून आत शिरे.

हे सारे ग्रंथांतील विवेचन प्रत्यक्षात कसे उतरते, हे पाहण्यासाठी पॅरिसला वा लंडनला जाण्याची आवश्यकता नाही. नर्मदेच्या काठचे जबलपूर त्यासाठी पुरेसे आहे. १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात असलेले, पुढे मध्य प्रांत व वऱ्हाडात नागपूर राजधानीशी बांधलेले, आणि १९५६ साली नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय ज्याच्या वाट्याला आले असे हे शहर. राजधानीचा मान त्याला मिळाला नाही. तरीही लहान पक्षाची आणि लहान गटाची परीक्षा पाहणारे प्रसंग या शहराच्या परिसरात एकामागून एक घडले, आणि प्रत्येक प्रसंगाचा धडा निराळा आहे.

पहिला प्रसंग मार्च १९३९ चा. जबलपूरनजीकच्या त्रिपुरीत काँग्रेसचे बावन्नावे अधिवेशन भरले होते. स्वागताध्यक्ष होते जबलपूरचे सेठ गोविंददास. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने फणफणले होते. त्यांना खाटेवरून मंडपात आणावे लागले आणि त्यांचे भाषण त्यांचे बंधू शरच्चंद्र यांनी वाचले. दोनच महिन्यांपूर्वी सुभाषबाबूंनी पट्टाभि सीतारामय्या यांचा १३७७ विरुद्ध १५८० मतांनी पराभव केला होता. या विजयात काँग्रेस समाजवादी पक्षाचा वाटा होता. हा पक्ष म्हणजे काँग्रेसच्या पोटातील एक लहान पक्ष. त्याची कल्पना नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, ना. ग. गोरे, एस. एम. जोशी अशा तरुण कैद्यांच्या चर्चांतून आकारास आली आणि १९३४ साली तो स्थापन झाला.

त्रिपुरीत गोविंद वल्लभ पंतांनी ठराव मांडला की, अध्यक्षांनी आपली कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. ठराव मंजूर होणे म्हणजे निवडून आलेल्या अध्यक्षाचे हात बांधणे होते. जानेवारीत सुभाषबाबूंना मते देणारे समाजवादी आता काय करणार, यावर पुष्कळ अवलंबून होते. त्यांनी तटस्थ राहण्याचा निर्णय घेतला. परकीय सत्तेशी झगडा उभा असताना काँग्रेस फुटू नये, हे त्यांचे कारण क्षुद्र नव्हते. पण ठराव मंजूर झाला. एप्रिलअखेर सुभाषबाबूंनी अध्यक्षपद सोडले, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात फॉरवर्ड ब्लॉक या नव्या लहान पक्षाची घोषणा केली. समाजवाद्यांनी एकमुखाने विरोध केला असता तर काय घडले असते, यावर इतिहासाच्या अभ्यासकांत आजही वाद होतो. एवढे मात्र निश्चित की, ज्या ऐक्यासाठी त्यांनी तटस्थता पत्करली ते ऐक्य दोन महिनेही टिकले नाही. दांडी थरथरत असताना पासंग काढून घेतला, तर तोही एका बाजूला दिलेला कौलच ठरतो. लहान पक्षाला गप्प राहण्याची चैन परवडत नाही; त्याच्याजवळ बोलण्याखेरीज दुसरे भांडवलच काय असते?

दुसरा प्रसंग स्वातंत्र्यानंतरचा आणि अधिक लौकिक स्वरूपाचा. १९६७ च्या निवडणुकीत मध्य प्रदेश विधानसभेच्या २९६ जागांपैकी काँग्रेसने १६७ जिंकल्या. जनसंघ ७८ जागांसह दुसरा आला. जबलपूरच्या राजकारणात घडलेले द्वारकाप्रसाद मिश्र पुन्हा मुख्यमंत्री झाले. त्यांचे बहुमत भक्कम दिसत होते. परंतु जुलै महिन्यात त्यांच्याच पक्षाचे छत्तीस आमदार फुटले आणि सरकार कोसळले. राजमाता विजयाराजे शिंदे यांच्या पुढाकाराने जनसंघ, समाजवादी व इतर मिळून संयुक्त विधायक दल उभे राहिले. मुख्यमंत्रिपद मात्र गेले फुटून आलेल्या गटाचे नेते गोविंद नारायण सिंह यांच्याकडे. अठ्ठ्याहत्तर आमदारांचा पक्ष मागे राहिला आणि छत्तिसांचा गट पुढे गेला. कारण दांडी कोणत्या बाजूला झुकवायची हे त्या छत्तिसांच्या हाती होते. हे सरकार दोन वर्षेही टिकले नाही. मार्च १९६९ मध्ये गोविंद नारायण सिंह पायउतार झाले आणि पुढे स्वगृही, म्हणजे काँग्रेसमध्ये, परतले.

लहान गटाच्या हाती तोल असणे हा स्वतःच दोष आहे, असे यावरून अनुमान काढणे योग्य होणार नाही. पश्चिम जर्मनीत फ्री डेमोक्रॅट नावाचा लहान पक्ष वर्षानुवर्षे असाच मध्यभागी उभा होता. १९६९ साली त्याने समाजवादी लोकशाही पक्षाशी हातमिळवणी केली आणि १९८२ साली तो पुन्हा ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांकडे गेला. त्याच्यावरही संधिसाधूपणाचा आरोप झाला. तरी तेथे दोन गोष्टी भिन्न होत्या. पहिली अशी की, तो पक्ष आपल्या नावाने, आपल्या कार्यक्रमासह मतदारांपुढे गेला होता. मतदाराला तो कोण आहे हे ठाऊक होते. दुसरी अशी की, तेथील घटनेप्रमाणे नवा चॅन्सेलर बहुमताने निवडल्यावाचून जुन्याला दूर करता येत नाही. नुसते पाडता येत नाही, उभारावेही लागते. भोपाळच्या छत्तिसांनी मते मागितली होती एका पक्षाच्या नावाने आणि ती वापरली दुसऱ्यासाठी. मतदाराला न सांगता बदललेला पासंग तो हाच.

तिसरा प्रसंग खुद्द जबलपूर शहराचा आणि तो सर्वांत तेजस्वी. १९५२ पासून लोकसभेत बसलेले सेठ गोविंददास १९७४ साली निवर्तले. त्यांच्या जागेसाठी पोटनिवडणूक आली. जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनाने त्या वेळी बिहार ढवळून निघाला होता. विरोधी पक्ष अनेक होते आणि प्रत्येक पक्ष एकेकटा लहान होता. त्यांनी आपापले उमेदवार बाजूस ठेवून एका सत्तावीस वर्षांच्या तरुणाला जनतेचा उमेदवार म्हणून उभे केले. जबलपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतलेला हा विद्यार्थी-नेता त्या वेळी मिसा कायद्याखाली तुरुंगात होता. त्याचे नाव शरद यादव. जयप्रकाशांनी निवडलेला, 'हलधर किसान' या चिन्हावरील पहिला उमेदवार अशी त्यांची नोंद झाली. जो मतदारसंघ दोन दशके काँग्रेसचा बालेकिल्ला म्हणून ओळखला जात होता, तेथे ते निवडून आले.

या विजयात विशेष काय घडले, हे नीट पाहिले पाहिजे. कोणत्याही एका लहान पक्षाला तेथे जिंकता आले नसते. प्रत्येकाने काहीतरी उसने दिले; कोणी कार्यकर्ते, कोणी मते, कोणी चिन्ह. १९७७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत हेच घडले, ते देशव्यापी प्रमाणावर. घाईने जमलेल्या जनता पक्षापाशी स्वतःचे चिन्ह नव्हते. म्हणून चौधरी चरणसिंग यांच्या भारतीय लोकदलाचा नांगरधारी शेतकरी त्याने घेतला. निवडणूक आयोगाच्या दप्तरी त्या वर्षीचे २९५ विजयी उमेदवार आजही भारतीय लोकदलाच्या नावावर आहेत. एका लहान पक्षाने उसन्या दिलेल्या चिन्हावर केंद्रातील सत्तांतर झाले. असाच व्यवहार विदर्भानेही पाहिला होता. १९७१ साली स्वतंत्र विदर्भाचे पुढारी जांबुवंतराव धोटे नागपूरहून लोकसभेवर गेले ते फॉरवर्ड ब्लॉकच्या नावावर. म्हणजे त्रिपुरीच्या कलहातून जन्मलेला पक्ष बत्तीस वर्षांनी वैदर्भीय मागणीच्या कामी आला.

उसने देण्याबरोबर लहान पक्षाजवळ आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे सोडण्याची तयारी. १९७६ साली, आणीबाणी चालू असताना, लोकसभेची मुदत संपत आली तेव्हा ती कायद्याने एक वर्ष वाढविण्यात आली. मतदारांनी पाच वर्षांसाठी निवडून दिले असता सहाव्या वर्षी त्या जागेवर बसण्याचा अधिकार कोणता, असा प्रश्न उभा राहिला. त्या वेळी मध्य प्रदेशाच्या तुरुंगांत असलेल्या दोन समाजवादी खासदारांनी राजीनामा देऊन त्याचे उत्तर दिले. एक जबलपूरचे शरद यादव, आणि दुसरे मधू लिमये. लिमये पुण्याचे, पण लोकसभेवर ते निवडून येत ते बिहारमधील मुंगेर आणि बांका येथून. भाषेचा वा जातीचा कोणताही आधार नसताना एका लहान पक्षाच्या पुढाऱ्याला बिहारी मतदाराने पुन्हा पुन्हा निवडून दिले, ही गोष्ट मराठी माणसाने विसरू नये. त्या दोन राजीनाम्यांनी सरकार हलले नाही. परंतु मताची मुदत किती, हा प्रश्न लोकांपुढे राहिला.

या तेजाला पुढे ग्रहण लागले, हेही सांगणे प्राप्त आहे. १९७७ च्या मे महिन्यात जनता पक्षात घटक पक्षांचे रीतसर विलीनीकरण झाले. निवडणुकीपुरते उसने देणे निराळे आणि स्वतःला विसर्जित करणे निराळे. वेगळे असताना जे मतभेद उघडपणे मांडता आले असते, ते एका छपराखाली कुजबुजीचे विषय झाले. दुहेरी सदस्यत्वाच्या वादाने पक्ष दुभंगला आणि जुलै १९७९ मध्ये सरकार गेले. लहान पक्षाने मोठे व्हावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. ज्या जबलपुरात हा प्रयोग झाला तेथेच १९८२ च्या पोटनिवडणुकीत बाबुराव परांजपे या मराठी गृहस्थांनी नव्या भारतीय जनता पक्षाला विजय मिळवून दिला. १९८४ साली त्या पक्षाचे देशभरात दोनच खासदार होते. आज तो देशातील सर्वांत मोठा पक्ष आहे. आणि २०२४ साली २४० जागा मिळूनही बहुमतासाठी त्याला तेलुगू देसमच्या १६ व संयुक्त जनता दलाच्या १२ खासदारांची गरज भासली. त्या संयुक्त जनता दलाचे अध्यक्षपद शरद यादव यांनी कित्येक वर्षे भूषविले होते. ज्याला पासंग म्हणून हिणवावे तो उद्या पारडे होतो, आणि पारड्याला पुन्हा पासंग शोधावा लागतो.

चौथा प्रसंग एका दिवसाचा नाही. तो गेल्या तीस-पस्तीस वर्षांत संथपणे घडत आला आहे. जबलपूर हे गढा-मंडल्याच्या गोंड राज्याचे क्षेत्र. राणी दुर्गावतीचे नाव येथील विद्यापीठाला दिलेले आहे. १८ सप्टेंबर १८५७ रोजी राजा शंकरशाह व त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना इंग्रजांनी याच शहरात तोफेच्या तोंडी दिले. तरीही मंडला, दिंडोरी, शिवनी, छिंदवाडा या मुलखातील गोंड मतदाराला कोणताही मोठा पक्ष स्वतंत्र राजकीय भाषा देत नव्हता. १९९१ साली हिरासिंह मरकाम यांनी गोंडवाना गणतंत्र पक्ष स्थापन केला. त्याचे सर्वांत मोठे यश म्हणजे २००३ साली मध्य प्रदेश विधानसभेत मिळालेल्या तीन जागा. पुढे तो फुटला, क्षीण झाला, आणि २०२३ च्या निवडणुकीत त्याला एकही जागा मिळाली नाही.

मग त्याला दिलेली मते फुकट गेली काय? आज मध्य प्रदेशात दोन्ही मोठे पक्ष गोंड वीरांचे स्मरण चढाओढीने करतात. छिंदवाड्याच्या विद्यापीठाला शंकरशाहांचे नाव मिळाले. २०२२ साली अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारे पेसा कायद्याचे नियम राज्यात लागू झाले. राणी दुर्गावतीच्या स्मारकाची पायाभरणी २०२३ मध्ये जबलपुरात झाली, आणि शंकरशाह-रघुनाथशाह यांच्या नावाचे संग्रहालय २०२४ च्या नोव्हेंबरात तेथेच उघडले. याचे श्रेय एकट्या गोंडवाना पक्षाला देणे सत्याला धरून होणार नाही. त्यामागे अनेक चळवळी आहेत आणि मोठ्या पक्षांची स्वतःची गणितेही आहेत. परंतु गोंडांची मते फिरू शकतात, ही जाणीव त्या तीन आमदारांनी आणि ठिकठिकाणी गमावलेल्या अनामत रकमांनी करून दिली, हे नाकारता येणार नाही. स्मारके मिळाली, जमिनीचे व जंगलाचे प्रश्न पुरते सुटले नाहीत. म्हणूनच २०२३ साली भारत आदिवासी पक्ष नावाचा आणखी एक लहान पक्ष रतलाम जिल्ह्यातील सैलान्याहून एका आमदारासह विधानसभेत येऊन बसला.

महाराष्ट्राला हा क्रम अपरिचित नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पुढील वर्षी १७५ जागांच्या मुंबई विधानसभेत त्याचे बळ पंधराच्या आसपास होते. त्या मूठभर बळावर बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी कोकणातील खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. विधेयक संमत झाले नाही. पक्षही पुढे उरला नाही. १९४२ साली त्याची जागा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने घेतली. परंतु १९४९ साली मुंबई राज्याच्या काँग्रेस सरकारने खोती नष्ट करणारा कायदा केला. प्रश्न एकाने मांडला, उत्तर दुसऱ्याच्या हातून झाले. आणि कोकणातील कुळाला त्याच्याशी कर्तव्य नव्हते, त्याला जमीन हवी होती. लहान पक्षाचे यश असे पुष्कळदा दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते. ज्याला हे सोसत नाही त्याने लहान पक्ष काढू नये.

या विवेचनावरून लहान पक्षांविषयी भाबडी ममता उत्पन्न होऊ नये. पक्ष नावाचे किती कागद देशात पडून होते, हे २०२५ साली दिसून आले. सहा वर्षांत एकही निवडणूक न लढविणाऱ्या पक्षांची नावे कमी करताना निवडणूक आयोगाने ऑगस्टमध्ये ३३४ आणि सप्टेंबरमध्ये ४७४ नोंदण्या रद्द केल्या. निवडणूक न लढविता पक्ष म्हणून मिळणाऱ्या सवलती घेणारी संस्था हा पासंग नव्हे. ती तागडीला चिकटलेली धूळ आहे. दुसरीकडे, कायदाही लहान पक्षाला पुरता आधार देत नाही. १९८५ साली पक्षांतरबंदी आली. २००३ साली एक-तृतीयांश सदस्यांच्या फुटीला असलेली सूट काढून टाकण्यात आली आणि मंत्रिमंडळाचा आकार सभागृहाच्या पंधरा टक्क्यांपर्यंत बांधला गेला. तरी दोन-तृतीयांश सदस्यांच्या विलीनीकरणाची वाट मोकळी राहिली. शंभर आमदारांच्या पक्षातून सदुसष्ट फोडणे कठीण. तीन आमदारांच्या पक्षातून दोन फोडणे सोपे. छत्तिसांचा बाजार बंद झाला, पण दोघांचा चालू राहिला. या फटीकडे लक्ष जावयास हवे.

येथे जबलपूरच्या नावाशी कायमचा जोडला गेलेला आणखी एक प्रसंग आठवतो. तो पक्षाचा नाही. पण अल्पमताचा आहे. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांना न्यायालयात दाद मागता येते काय, हा प्रश्न 'अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. मध्य प्रदेशासह अनेक उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या बाजूने निर्णय दिले होते. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारचे म्हणणे मान्य केले. एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी भिन्न मत नोंदविले. पुढील वर्षी त्यांची ज्येष्ठता डावलली गेली आणि त्यांनी न्यायासन सोडले. त्या दिवशी त्यांच्या मताने एकाही स्थानबद्धाची सुटका झाली नाही. व्यवहाराच्या भाषेत ते मत फुकट गेले. परंतु १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरविले, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताचा तो जुना निर्णय उघडपणे मोडीत काढला. चौघांपैकी एक न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. तो निर्णय मोडीत काढणारे निकालपत्र लिहिणाऱ्यांत त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड होते.

न्यायमूर्तीचे भिन्न मत आणि लहान पक्षाचे मत यांत एक साम्य आहे. दोन्ही लिहून ठेवावी लागतात. त्यांचा वाचक पुष्कळदा नंतर येतो. मात्र ती लिहिण्यासाठी कोणीतरी त्या जागी असावे लागते. त्रिपुरीत बोलण्याच्या वेळी मौन पाळले गेले, भोपाळात मताची किंमत वसूल केली गेली, जबलपुरात चिन्ह आणि उमेदवार उसना दिला गेला, आणि गोंडवानात पराभव पत्करून प्रश्न मांडला गेला. चारही वेळा बळ थोडेच होते. थोड्या बळाचा उपयोग निरनिराळा झाला, आणि इतिहासाने नोंद त्या उपयोगाची घेतली.

तेव्हा मतदाराने लहान पक्षाला मत देताना तो निवडून येईल काय, एवढाच प्रश्न विचारणे पुरेसे नाही. दांडी थरथरू लागेल त्या दिवशी हा कोठे उभा राहील, आणि जेथे उभा राहील ते आपल्याला आधी सांगून ठेवील काय, हा प्रश्न त्याने विचारावा. उत्तर समाधानकारक असेल, तर मताची चिंता करण्याचे कारण नाही. आणि मोठ्या पक्षांनीही बाजारातील वाण्याचा जुना व्यवहार ध्यानात ठेवावा. पासंग तोडून टाकून तागडी हलकी होत नाही. ती फक्त खोटी होते, आणि गिऱ्हाईक एक दिवस दुसरे दुकान शोधते.